गेल्या सात दिवसांत

त्याचे हात पिठाने भरलेत
म्हणून फॉर्म मी भरते आहे, खातुना.
नाव ओतार. गाव तेलावी.
धंदा होता की आहे, ते तुम्हीच ठरवा.
पहाटे चारला उठतो अजून.
कणीक तोच मळतो, पण भट्टीत तेंगो वाकतो,
कमरेपर्यंत आत, उलटा,
विहिरीत पडलेली बादली शोधल्यासारखा,
आणि तापल्या भिंतीवर होडीसारख्या शोत्या थापतो.
ओतारच्या गळ्यातल्या भोकाला
धूर आणि हवा यातला फरक कळत नाही.

‘गेल्या सात दिवसांत बोलायला त्रास झाला का?’
आवाजाची पेटी तुम्हीच काढून घेतलीत.
पुढे तिचं काय केलंत, मी विचारलं नाही.
पाटीवर लिहितो तो. मीठ. दार. तू झोप आता.
भांडण मात्र जमत नाही :
मी ओरडते, तो खडू शोधतो,
त्याचं वाक्य पुरं होईतो माझा राग निवतो.
हे कुठल्या चौकोनात बसवू?

कुत्रीला शीळ घालायचा पूर्वी.
आता टाळी वाजवतो. कुर्शा येते,
पण आधी इकडेतिकडे बघते,
दुसऱ्याच कुणी बोलावल्यासारखी.

‘चारचौघांत जेवताना त्रास?’
भाच्याच्या लग्नाला गेलो होतो,
द्राक्षं नुकतीच तुडवून झालेली.
टेबलाच्या टोकाशी हाच उभा राहायचा, शिंग भरून,
मेलेल्यांसाठी, अजून न जन्मलेल्यांसाठी
इतकं बोलायचा की रस्सा गार व्हायचा
आणि कुणी तक्रार करायचं नाही.
यंदा ते टोक चुलतभावाला दिलं.
बरा बोलला. लांबवलं थोडं.
लाळ किरणांनी जाळली, कोरडा घास
घशाखाली उतरत नाही, दर घासाला पाणी.
समोरची मुलगी गळ्याकडे बघत होती.
त्यानं रुमाल सारखा केला, मग पुन्हा सारखा केला.
मी लिहिलं, बराच.
त्यानं मागून वाचलं
आणि ‘थोडा’वर पिठाचं बोट उमटवलं.
दोन्ही राहू देते.

‘वास येण्यात अडचण?’
हा प्रश्न इतका खाली का ठेवलात?
एकदा अख्खा घाणा करपला,
तो शेजारीच उभा होता, शांत, हात पुसत.
शेजारीण धावत आली तेव्हा कळलं.
त्या रात्री पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मग तुमची ती नवी पोरगी, बातुमीची,
तिनं जांभई शिकवली :
ओठ मिटून, जबडा खाली ओढून,
पाद्र्याचं प्रवचन लांबलं की देतो तशी, चोरून.
हवा म्हणे नाकात शिरते त्यानं.
तीन आठवडे घरभर जांभया. मलाही लागायच्या.
नुत्सा म्हणाली, आजोबांना आपला कंटाळा आलाय.

आज पहाटे मी खिडकीशी होते.
तो भट्टीपासून चार हात लांब,
मिटल्या तोंडानं जांभया देत, एक, दोन, पाच,
आणि मधेच थांबला.
पाटी शोधली नाही,
फळीवरच्या पिठात बोटानं लिहिलं,
डावी बाजू करपतेय.
तेंगो धावला. खरंच करपत होती.
ओतार हसला. आवाज नाही, नुसते खांदे हलले,
गळ्यातून फुस्स अशी हवा,
आणि मला, का कोण जाणे, रडू आलं.

शेवटी आकडे आहेत, एक ते सात :
‘एकंदर जगण्याचा दर्जा.’
विचारलं त्याला.
त्यानं पीठ सारखं केलं आणि लिहिलं,
तुझा किती?

तेवढी जागा कोरी ठेवली आहे, खातुना.
सोबत दोन शोत्या पाठवते.
गरम आहेत तोवर खा.
डावीकडून थोड्या काळ्या आहेत.